गाडी किती वाजता आहे? वाटेतल्या स्थलांतरितांच्या आरोग्याच्या गरजा कशा ओळखायच्या

मे २०२० मध्ये पडघ्याच्या पुढे, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला आम्ही सहाजण टेबल मांडून बसलो होतो. टेबलावर पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, कॅल्शियमच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. मुंब्रा, कळवा, भिवंडीकडून निघालेली माणसं समोरून कसाऱ्याच्या दिशेने चालत होती. दुपार झाली तरी कॅल्शियमचा डबा उघडला नव्हता. लोक विचारत होते ते वेगळंच. तळपायाच्या फोडांवर बांधायला काही आहे का? फोन चार्ज होईल का? पुढचं पाणी कुठे? एका बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "घाट चढायला किती वेळ लागतो? मला सातवा महिना आहे." माझ्या हातात बीपीचं मशीन होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यानंतर ठाण्यात, नाक्यांवर, वीटभट्ट्यांवर, स्टेशनबाहेर आम्ही हे काम करत राहिलो. वस्तीत राहणाऱ्या माणसाची गरज आणि वाटेत असलेल्या माणसाची गरज एकाच फॉर्मने ओळखता येत नाही, हे चुका करत शिकलो. वस्तीतल्या माणसाला "उद्या या" म्हणता येतं. वाटेतला माणूस उद्या इथे नसतो. म्हणून त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न आजाराचा नाही, गाडीचा. हा लेख मंडळं, कॉलेजचे एनएसएस गट, डॉक्टरांचे गट, आशाताई अशा प्रत्यक्ष उतरणाऱ्यांसाठी आहे.

पहिलं काम: माणसं कुठे आणि कधी थांबतात ते बघा

शिबिराची तारीख ठरवून बॅनर छापण्याआधी निदान दोन आठवडे नुसतं फिरा. ठाणे परिसरात वाटेतली माणसं एका जागी नसतात. उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणारी कुटुंबं ठाणे आणि कल्याण स्टेशनवर गाडीच्या कितीतरी तास आधी येऊन बसतात. माजिवडा, कापूरबावडी भागात रात्री खासगी बस पकडणारे असतात. तुर्भ्याला आणि वाशीच्या एपीएमसीजवळ माल चढवणारे-उतरवणारे, कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये आणि उरणच्या बंदराच्या रस्त्यावर ट्रकचालक आणि क्लीनर. नाक्यावर सकाळी सात ते नऊ रोजंदारीची माणसं उभी असतात, दहाला नाका रिकामा. अकराला शिबिराचं उद्घाटन ठेवलं तर तुमच्या हाती लागतात फक्त त्या दिवशी काम न मिळालेले लोक. त्यात आजारी जास्त असतात आणि तुमचा अंदाज तिथेच चुकतो.

वेळेइतकाच मोसम महत्त्वाचा. दिवाळीनंतर शहापूर, मुरबाड, कर्जतकडची कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे मधेच निघता येत नाही. होळी, छठ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरेकडच्या गाड्या भरतात. मराठवाड्यातून, सोलापूर-विजापूरच्या तांड्यांवरून बांधकामावर येणारी माणसं एक साइट संपली की दुसऱ्या साइटवर जातात. त्यांचा प्रवास दहा किलोमीटरचाच असतो, पण प्रत्येक वेळी दवाखाना बदलतो, अंगणवाडी बदलते. घोडबंदर रोडवरून उलव्याला गेलेलं कुटुंब आपल्या नकाशावर ठाणे परिसरातच असतं. आरोग्यसेवेच्या दृष्टीने ते हरवलेलं असतं.

एका वहीत थांब्याचं नाव, वार, वेळ आणि पंधरा मिनिटांत दिसलेली माणसं लिहा: पुरुष, बायका, लहान मुलं, म्हातारी. तेवढ्यात आणखीही बघून घ्या. नळ आहे का, त्याला पाणी आहे का, सावली किती, बायकांसाठी शौचालय उघडं आहे की कुलूपबंद, मुलांच्या पायात काय आहे. भट्टीवर किंवा साइटवर मुक्काम असेल तर आपत्तीच्या कामात वापरलं जाणारं स्फिअरचं किमान मोजमाप हाताशी ठेवा: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय. हे आकडे मुकादमाशी बोलताना उपयोगी पडतात. "पाणी कमी आहे" म्हटलं की तो हसतो, "चाळीस माणसांना सहाशे लिटर लागतं, तुमची टाकी दोनशेची आहे" म्हटलं की ऐकतो.

दुसरं: पाठवायचं कुठे, ते आधी स्वतः जाऊन या

हा टप्पा लोक टाळतात. आम्हीही टाळला होता. एका गरोदर बाईला चिठ्ठी देऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ती दोन मुलं आणि गाठोडं घेऊन पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि केसपेपरची खिडकी बंद झाली होती. तिची गाडी रात्रीची होती, त्या गाडीने ती तशीच निघून गेली. तिला दवाखान्यात पाठवून तिचे तीन तास आम्ही वाया घालवले. त्यापेक्षा तिला सावलीत बसू दिलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्या दाराने आपण स्वतः आत गेलो नाही, तिथे कुणाला पाठवायचं नाही. प्रत्येक थांब्यासाठी एक कागद करा. जवळचं नागरी आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना' कोणता, ओपीडी कधी उघडते आणि कधी बंद होते, केसपेपरला किती पैसे, रक्त तपासणीचा नमुना किती वाजेपर्यंत घेतात, रविवारी काय. रात्री तातडीने दाखल करायचं तर ठाण्यात जिल्हा रुग्णालय म्हणजे लोकांच्या तोंडचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, वाशीत महापालिकेचं सार्वजनिक रुग्णालय, पनवेल आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत, त्यांचे दर वेगळे विचारून घ्या. हातात दोनशे रुपये असलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा, स्टेशनवर बसायचं तर रेल्वेची परवानगी घ्या. पोलिसांना कळवायला हरकत नाही, पण टेबलाशेजारी वर्दी नको. वर्दी दिसली की माणसं गाठोडं उचलून पलीकडच्या टोकाला जातात.

तिसरं: गट लहान ठेवा

चारजण पुरतात. एक डॉक्टर किंवा अनुभवी नर्स, एक बोलणारा, एक लिहिणारा आणि एक बाई जी फक्त बायकांशी बोलेल. हिंदी सगळ्यांना येतं असं धरू नका. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना लमाणी किंवा कानडीच कळतं, कातकरी बायका अनोळखी मराठीसमोर गप्प बसतात. भट्टीवर त्यांच्यातलीच एखादी शिकलेली मुलगी सोबत घेतली की अर्धं काम होतं. मुकादमाला दुभाषा करू नका, तो कितीही मदतीला तयार असला तरी. त्याच्यासमोर कुणी मजुरी थकल्याचं किंवा मार बसल्याचं सांगणार नाही.

चौथं: बोलणं

आधी सांगा तुम्ही कोण, पैसे लागणार नाहीत, नाव सांगायचं नसेल तरी चालेल, आणि मधेच उठून जायचं असेल तर जा. आधार कार्ड मागू नका. आधार म्हटलं की निम्मी माणसं ते सरकारी काम समजतात आणि निम्मी फसवणूक.

मग हा क्रम धरा. आम्ही तो बऱ्याचदा बदलून पाहिला आणि शेवटी यावर थांबलो.

"दादा, गाडी किती वाजता?" यातून तुमच्याकडे किती वेळ आहे ते कळतं. त्याला जोडून कुठून निघालात, कुठे उतरणार, उतरल्यावर घर अजून किती लांब. गोरखपूरला उतरून पुढे चार तास जीपने जायचं असेल तर प्रवास तीस तासांचा नाही, चौतीसचा आहे.

"सोबत कोण कोण?" समोरच्या माणसाची तब्येत विचारण्याआधी गाठोड्याजवळ कोण बसलंय ते विचारा. टेबलापर्यंत येतो तो घरातला सगळ्यात धडधाकट पुरुष. ज्याला खरी गरज आहे ती बाई किंवा ते मूल भिंतीला टेकून बसलेलं असतं. म्हणून आम्ही टेबल सोडून त्यांच्यापाशी जाऊन खाली बसतो. आणखी एक प्रश्न इथेच: "खोलीवर कुणी मागे राहिलंय का?" प्रवास झेपत नाही म्हणून मागे ठेवलेला माणूस बऱ्याचदा सगळ्यात आजारी असतो.

"रोज कुठली गोळी चालू आहे? किती दिवसांची उरली?" गोळीचं नाव आठवणार नाही, पाकीट दाखवायला सांगा. बीपी, साखर, टीबी, फिट, मानसिक आजार आणि एचआयव्हीची औषधं तुटणं हा वाटेतल्या माणसाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न दिसणारा धोका आहे. तो तापासारखा कपाळाला हात लावून कळत नाही.

"कालपासून काय खाल्लं? पाणी कुठलं प्यालात?" मग ताप, जुलाब, खोकला, जखम, ताज्या दुखापती. खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का. दगडखाणीत, क्रशरवर काम केलंय का. केलं असेल तर दम लागण्याकडे जास्त लक्ष द्या, तिथली धूळ फुफ्फुसात कायमची बसते.

बायकांना वेगळं, आडोशाला विचारा. पाळी चुकली आहे का, किती महिने, बाळ हलतं का, अंगावरून जातंय का, गेल्या दीड महिन्यात बाळंतपण किंवा गर्भपात झालाय का. "ताई, घरी कुणी हात उगारतं का?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका, पण विचारायचा राहूही देऊ नका.

शेवटचा प्रश्न: "आत्ता या घडीला तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय?" जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'पाणी', 'झोप', 'पोराला दूध', 'शेठकडून पैसे'. हे वैद्यकीय नाही म्हणून गाळू नका. पैसे अडकले म्हणून ज्याने इन्सुलिन विकत घेतलं नाही, त्याची गरज फक्त इन्सुलिनची नसते.

बोलताना कुणाचा फोन किंवा कागद मुकादमाने काढून घेतलाय, फेडून न संपणाऱ्या उचलीमुळे निघता येत नाही असं कळलं, तर ती वेठबिगारी असू शकते. १९७६ पासून ती कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या तिथे वाद घालू नका, त्याचा त्रास त्यांनाच होतो. त्यांच्या संमतीने तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. एकटं मूल दिसलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा.

पाचवं: मोजणं

थोडंच मोजा, पण नीट. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर दाबून खड्डा पडणारी सूज असेल तर ते तीव्र कुपोषण; साडेअकरा ते साडेबारा मध्यम. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. गरोदर बाईचा बीपी १४०/९० किंवा वर गेला तर तपासणी हवी. १६०/११० असेल किंवा डोकं फुटेल इतकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं ती म्हणत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देऊन गाडीत बसवायचं नसतं.

उन्हाच्या दिवसांत उष्माघात वेगळा ओळखा. अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर आधी सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८. बाकी प्रश्न नंतर. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात उष्म्याने माणसं दगावली, ती नुसती बसलेली होती. आपल्याकडची दमट हवा घाम सुकू देत नाही, हे विदर्भातून आलेल्या माणसालाही इथे नवं असतं.

पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हे तिन्ही डोक्यात ठेवा. बांधकामावरून आलेला तापाचा माणूस रक्त तपासल्याशिवाय सोडू नका, आणि मलेरिया निघाला तर औषधाचा पूर्ण डोस त्याच्या हातात द्या.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्यात आपण लाल (तातडीचं), पिवळा (लवकर दाखवायचं), हिरवा (थांबू शकेल) अशी वर्गवारी करतो. वाटेवर त्या रंगासमोर एक वेळ लिहायची: पुढची सेवा किती तासांनी मिळेल. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब आहेत, तरतरीत आहे, पाणी पितंय. वस्तीत तो हिरवा. पण गाडी दोन तासांत आहे आणि पुढे तीस तास डब्यात, तर माझ्या लेखी तो पिवळा. त्याच्या आईला ओआरएसची चार पाकिटं, झिंकच्या १४ दिवसांच्या गोळ्या, स्वच्छ पाण्याची बाटली द्यायची आणि पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ हे तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. मूल पाणी प्यायचं थांबलं, डोळे खोल गेले, सुस्त पडलं तर रेल्वेच्या १३९ वर फोन करायचा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर येतो, हे तिच्या फोनमध्ये नंबर घालून सांगायचं.

खरोखर लाल असेल तर थांबवावंच लागतं, आणि इथेच सगळं अडतं. तिकीट जातं, जोडीदार पुढे निघालेले असतात, मुलांना कोण बघणार. "तुम्ही थांबलंच पाहिजे" एवढं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. एकजण सोबत दवाखान्यात जाईल, एकजण मुलांजवळ बसेल, रात्री राहायची सोय कुठे, ही तयारी टेबल मांडण्याआधी हवी. नसेल तर लाल रंगाची चिठ्ठी हातात देऊन उपयोग नाही.

सहावं: तुटलेला धागा जोडणं

टीबीच्या रुग्णाची निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद देशभर चालते. त्याचा क्रमांक किंवा फोन नंबर असेल तर इथल्या टीबी केंद्रातून त्याची बदली गावाकडच्या केंद्रात करता येते. १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत क्रमांक त्याला द्या. दरमहा १००० रुपयांचं पोषण अनुदान त्याच्या खात्यात येतंय का तेही विचारा, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. एचआयव्हीच्या औषधांसाठी १०९७, मन खचलेल्यासाठी टेली-मानसचा १४४१६.

लसीकरणाचं कार्ड गावी राहिलेलं असतं. त्यासाठी मुलाला परत पाठवू नका. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघा, आईला आठवतं ते विचारा, आणि पुरावा नसेल तर वयानुसार राहिलेली लस जवळच्या केंद्रात द्या. एखादा डोस जास्त झाला तर नुकसान नाही, राहिला तर गोवर आहे.

आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी योजनेतल्या रुग्णालयात चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते दाखल होण्यासाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. हे स्पष्ट सांगा, नाहीतर माणूस कार्ड घेऊन खोकल्यासाठी हेलपाटे घालतो. रेशन कार्डही इथल्या दुकानात चालतं, भट्टीवरच्या कुटुंबाला हे सांगणं कधीकधी औषधापेक्षा उपयोगी ठरतं.

सातवं: हातात कागद, आमच्याकडे आकडा

प्रत्येकाच्या हातात एक अर्ध्या पानाची चिठ्ठी जावी, त्याला वाचता येईल अशा भाषेत. काय आढळलं, काय दिलं, कसं घ्यायचं, कुठे पोहोचल्यावर कुणाला दाखवायचं. तिचा फोटो त्याच्याच फोनमध्ये काढून द्या, कागद भिजतो. आमच्या वहीत मात्र वय, बाई की पुरुष, कुठून-कुठे, रंग, वेळ आणि गरज एवढंच. नाव आणि फोन फक्त ज्यांना नंतर विचारायचंय त्यांचे, वेगळ्या कागदावर, एकाच जबाबदार माणसाकडे. माणसांचे चेहरे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नयेत. आपल्याला कौतुक मिळतं, त्यांच्या गावी तो फोटो वेगळ्या अर्थाने फिरतो.

आकडे काढताना सावध राहा. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी बसा, आणि समोर येईल त्याला नाही तर दर पाचव्या कुटुंबाला विचारा. तरीही जे निघेल ते त्या थांब्यावरच्या, त्या दिवसांतल्या माणसांचं चित्र असेल. "ठाण्यातल्या स्थलांतरितांपैकी इतके टक्के" असं त्यावरून लिहू नका.

समजा, तुम्ही ८० कुटुंबांशी बोललात. २२ घरांत दोन वर्षांखालचं मूल, त्यातल्या १५ मुलांचं कार्ड गावी. ९ जणांना रोजची गोळी, त्यातल्या ६ जणांची वाटेतच संपणार. ५१ कुटुंबांनी शेवटच्या प्रश्नाला 'पाणी' किंवा 'शौचालय' म्हटलं. आता तीन रकाने करा: इथे या थांब्यावर भागेल ते, पुढच्या थांब्यावर भागेल ते, आणि औषधाने भागणारच नाही ते. पहिल्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या. दुसऱ्यात बदलीचा फोन, चिठ्ठी आणि लस. गाडीआधी केंद्र उघडं असेल तर लस पहिल्यातच. तिसऱ्यात ते ५१. त्यासाठी डॉक्टर वाढवू नका, तो आकडा घेऊन स्टेशन अधीक्षकांकडे किंवा प्रभाग कार्यालयात जा आणि कुलूप उघडायला लावा. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातून निघणारं सगळ्यात मोलाचं फळ अनेकदा हेच असतं, आणि शिबिराच्या अहवालात त्याला एक ओळही मिळत नाही.

आठवं: तीन दिवसांनी फोन

पिवळ्या आणि लाल माणसांना तिसऱ्या दिवशी फोन करा. पोहोचलात का, दाखवलंत का, दाखवलं नसेल तर काय आडवं आलं. निम्मे फोन लागत नाहीत, रिचार्ज संपलेलं असतं. संध्याकाळी सातनंतर पुन्हा लावा. "दाखवलं नाही" हे उत्तर आलं तर कारण शब्दशः लिहा. 'डॉक्टर नव्हता', 'शेतात भात लावायला गेलो', 'चिठ्ठी इंग्रजीत होती'. पुढच्या वेळी टेबलावर काय ठेवायचं ते या कारणांवरून ठरतं. आमच्या टेबलावर आता कॅल्शियम नसतं. चिकटपट्टी, गोळ्यांची पंधरा दिवसांची पाकिटं, फोन चार्ज करायला लांब वायरचा बोर्ड, आणि कसाऱ्यापर्यंत पाणी, शौचालय आणि दवाखाना कुठे कुठे आहे त्याचा हाताने काढलेला नकाशा असतो.